टोरांटोचा जवळचा रस्ता

७ मार्च

कालिंदी पोचली. मैथिलीचा फोन आला, "बाबा, आई आली. दमलीय, झोपवते तिला." जावई गंधार विमानतळावर आणायला गेला होता.

मुंबई ते टोरांटो सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर होतात. मध्ये दोह्याला थांबा धरून एका दिवसात माणूस तिकडे उतरतो. त्याआधी महाड ते मुंबई विमानतळ हे पावणेदोनशे किलोमीटर कापायला आम्हाला सहा तास लागले. माणगावात गाड्या जागच्या हलत नव्हत्या. गाडी लतीफची, तिकीटही त्याच्याच दुकानातून काढलेलं. तो म्हणाला, "साहेब, विमान बरं. त्याला माणगाव लागत नाय."

मैथिलीनं दोघांचेही व्हिसा करून घेतले होते. मी गेलो नाही. पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी शिरलं तर घरातलं सामान वरच्या मजल्यावर कोण चढवणार, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि ते खरं आहे. मार्चमध्ये पाऊस नसतो असं मैथिली म्हणाली, तेही खरंच आहे. मी जन्मात विमानात बसलेलो नाही आणि चौसष्टाव्या वर्षी बसायची छाती नाही. हे इथं लिहायला हरकत नाही, इथं कोण वाचणार आहे.

व्यवस्था ठरलेली आहे. बाळंतपणाला आधी मुलीची आई जाते, सहा महिन्यांनी मुलाची आई. गंधारची आई इरावतीताई पुण्याहून ऑगस्टमध्ये जाणार, त्या पोचल्या की कालिंदी निघणार. कारखान्यात आमचं असंच असायचं. मी शिफ्ट इन्चार्ज होतो. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, येऊन चार्ज घेईपर्यंत रिअॅक्टरजवळचा माणूस जागा सोडत नसे. रिलीव्हर आलाच नाही तर डबल पाळी करायची. एमआयडीसीत सगळीकडे हाच रिवाज, त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही.

२९ मार्च

मुलगा झाला. दोघं सुखरूप. नाव अनिश ठरतंय. लतीफला पेढे दिले, त्यानं दुकानात बसलेल्या सगळ्यांना वाटले.

१२ एप्रिल

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी पहाटे साडेचारला जाग येते. पूर्वी जाग यायची तेव्हा चहा तयार असायचा. आता मी उठतो आणि स्वयंपाकघरात उभा राहतो.

आज सकाळी साडेनऊला फोडणी करताना जिरं सापडेना. कालिंदीला फोन लावला. तिकडे मध्यरात्र होती हे नंतर ध्यानात आलं. ती म्हणाली, "ओट्याच्या वर, स्टीलच्या डब्यात. तुमच्या नाकासमोर." डबा नाकासमोरच होता. झोपमोड झाली म्हणून रागावली नाही, उलट हसत होती. बाळाच्या जागरणानं झोप अशीही नसेलच.

ठमाबाई नाते गावाहून येते, दुपारचं जेवण करून ठेवते. संध्याकाळचंही कर म्हटलं तर म्हणाली, "माजी मान्सं उपाशी ठेवू काय? तुमी भात लावा वो. भात काय अवघड हाय? वयनी नाय का लावत?" वहिनी लावते हे मलाही माहीत आहे.

२५ जून

परवा आखातातलं आकाश काही तास बंद ठेवलं होतं, तिकडच्या लढाईमुळे. विमानं अर्ध्या वाटेवरून फिरवली. बातम्या बघून मी लतीफचं दुकान गाठलं. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाचा मुलगा दुबईत, कुणाचा नवरा कुवेतला. लतीफ एका कानाला एक फोन लावून दुसऱ्या फोनवर बोलत होता. मला बघून म्हणाला, "वहिनींचं ऑगस्टचं हाय ना, साहेब? तोवर खुलतंय सगळं. बसा, चहा घ्या." मी बसलो. चहा घेतला. कुवेतवाल्या बाईंना विमान वळसा घालून कुठून येऊ शकेल ते भिंतीवरच्या नकाशावर समजावलं. त्यांना बरं वाटलं असावं.

२० जुलै

दोन दिवस झोड उठवली आहे पावसानं. सावित्री नदी इशाऱ्याच्या खुणेजवळ आली, नगरपालिकेचा भोंगा वाजला. मी धान्याचे डबे, शिलाई मशीन, देव, सगळं एकट्यानं वर चढवलं. कंबर धरली. पाणी आमच्या पायरीला लागून परत गेलं.

संध्याकाळी कालिंदीशी बोललो. दरवर्षी पाण्याची धास्ती मला नसते एवढी तिला असते, पण आज तिनं पाण्याचं विचारलंच नाही. मीच सांगितलं तेव्हा म्हणाली, "हो का? सांभाळा हं." तिला तिकडे श्वास घ्यायलाही उसंत नसणार.

तिच्याकडे सकाळचे दहा वाजले होते आणि केस ओले होते. मी म्हटलं, आंघोळ इतक्या उशिरा? "आत्ताच झाली," म्हणाली. इथं सहाच्या आत आंघोळ करून पूजा उरकणारी बाई. नातवापायी तिचे हाल चाललेत.

९ ऑगस्ट

कालिंदी ऑगस्टअखेर येत नाही. गंधारनं मुदत वाढवायचा अर्ज केलाय, मार्चपर्यंत.

मी विचारलं, "इरावतीताईंच्या गुडघ्यामुळे ना?" त्यांचे गुडघे दुखतात हे मला मैथिलीच्या लग्नापासून माहीत आहे. कालिंदी म्हणाली, "हं. गुडघ्याचं दुखणं वाईटच."

म्हणजे रिलीव्हर आली नाही. डबल पाळी. मी म्हटलं, मग मी इरावतीताईंशी बोलू का, निदान दिवाळीपर्यंत तरी त्यांनी निघावं. ती घाईनं म्हणाली, "नको नको, त्यांना कशाला."  मग म्हणाली, "आणि प्रवास किती लांबचा आहे हो. एवढं लांब यायचं म्हटलं की अंगातलं त्राणच जातं."

हे मात्र माझ्या हातातलं आहे. जाताना तिला दोह्याला सात तास लाकडासारखं बसावं लागलं होतं. लतीफनं स्वस्तातलं बघून दिलं, मीही पाहिलं नाही. परतीचा जवळचा रस्ता शोधायला हवा.

२९ ऑगस्ट

गणपतीला पोलादपूरला मेव्हण्याकडे गेलो होतो. दीड दिवसाचा गणपती, काल विसर्जन झालं. दरवर्षी कालिंदी आधी जाऊन भावजय मानसीच्या हाताखाली मोदक करते. यंदा मानसीनं एकटीनं केले, तरी चांगले झाले होते.

मानसीनं मोबाइलवर अनिशचे फोटो दाखवले. गुटगुटीत आहे. तिनं बोट फिरवलं तर पुढे एका बाईचा फोटो आला, डोक्याला घट्ट रबरी टोपी, खांद्यावर टॉवेल, दात काढून हसणारी. चेहरा ओळखीचा वाटला. "ही कोण?" तर मानसी म्हणाली, "कुणी नाही भाऊजी, मैथिलीच्या ओळखीतली." तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि मोदक आणायला आत गेली, पानात दोन मोदक असताना.

१५ सप्टेंबर

रस्ता सापडतोय. दोह्याऐवजी फ्रँकफर्टला विमान बदललं तर थांबा दोन तासांवर येतो आणि एकूण वेळ चांगला पाच-सहा तासांनी घटतो. दिल्लीवरून सरळही जाता येतं, पण पाकिस्तानवरचा मार्ग बंद असल्यानं आपल्या विमानांना मोठा वळसा पडतो, शिवाय दिल्ली ते मुंबई वेगळं. ते नको. येताना वारा पाठीवर असल्यानं जाण्यापेक्षा कमी वेळ लागतो हे मला आजवर माहीत नव्हतं. पृथ्वी सपाट कागदावर काढली की सरळ रस्ता वाकडा दिसतो, हेही नव्यानं कळलं.

दुपारभर लतीफच्या दुकानात होतो. आता लोक मलाच विचारतात. लतीफ म्हणाला, "साहेब, तुमच्या नावाची पाटी लावू काय बाहेर? गिऱ्हाईक मला इचारतच नाय." चेष्टा करतो, पण खुर्ची पुसून ठेवतो माझ्यासाठी.

कालिंदीला फ्रँकफर्टचं सांगितलं. तासांची बचत सांगितली. ती "बघू" म्हणाली. तिचा चेहरा भरलाय. थंड हवेनं सूज येत असावी.

२ ऑक्टोबर

व्हीलचेअरची सोय होते. विमानात बसवून देण्यापासून मुंबईत बाहेर आणून सोडण्यापर्यंत, कुठेही चालावं लागत नाही. कालिंदीला आनंदानं सांगितलं. ती म्हणाली, "व्हीलचेअर? मला?" आणि हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसले. मला वाटलं, आपली कुणी काळजी करतंय म्हणून भरून आलं असेल. मलाही थोडं भरून आलं, पण मी लगेच लगेजच्या वजनाचा विषय काढला.

मागे खोलीत बाळाला पायांवर घेऊन तेल लावणं चाललं होतं. नुसते हात दिसत होते, हिरव्या बांगड्यांचे. मैथिली बांगड्या घालायला लागली हे बरं झालं.

२२ ऑक्टोबर

पाडवा. ओवाळायला घरात कोणी नाही. ठमाबाईनं जाताना फराळाचा डबा ओट्यावर ठेवला. मी उटणं लावून आंघोळ करून नवा शर्ट घातला आणि बसलो.

संध्याकाळी तिकडचा अनोळखी नंबर आला. इरावतीताई होत्या. "पाडव्याच्या शुभेच्छा हो व्याहीबुवा," म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही केव्हा पोचलात?

"अहो, केव्हा म्हणजे? जुलैपासून इथंच आहे की मी, ठरल्याहून महिनाभर आधी आले. अनिशची आंघोळपाणी सगळं माझ्याकडेच. गुडघे कुरकुरतात, पण होतंय. कालिंदीताई सकाळी पोहायला जातात ना."

मी म्हटलं, पोहायला.

"हो. इथल्या तलावावर बायकांचा वर्ग आहे. भारी शिकल्या हो! दुपारी छान झोप काढतात, संध्याकाळी वाचनालयात. मी तर म्हणते, मला पण न्या एकदा." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला माहीत होतं ना?"

माहीत होतं असं मी सांगितलं.

२३ ऑक्टोबर

संताप संताप झाला आहे. रिलीव्हर हजर असताना कोणी डबल पाळी करत नाही. ही पाळीच करत नाहीये. अडीच महिने मी फ्रँकफर्ट काय, व्हीलचेअर काय, सगळ्या महाडला सांगत फिरतोय की तिला तिकडून सुटता येत नाही. पोलादपूरलाही माहीत होतं. फोटोतली बाई तीच होती. बायकोला मी ओळखलं नाही.

आज फोन केला नाही. तिचे दोन आले, उचलले नाहीत.

२६ ऑक्टोबर

शेवटी उचलला. इरावतीताईंनी तिला सांगितलं होतं. मी ठरवून ठेवलेलं सगळं बोललो, खोटेपणा, लोक काय म्हणतील, वगैरे. तिनं पुरतं ऐकून घेतलं. मग ती बोलली, ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. एवढं सलग ती माझ्याशी कधी बोललेली आठवत नाही.

"तुमची पाळी दर आठवड्याला बदलायची. माझ्या तिन्ही असायच्या. तुमची पहिली असली की साडेचारला चहा आणि डबा. दुसरी असली की रात्री बारापर्यंत ताट झाकून बसायचं. रात्रपाळी असली की दिवसभर पोरीला आवाज करू द्यायचा नाही. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्या गेल्या आणि तुम्ही निवृत्त झालात, तरी साडेचारचा चहा तसाच. मला सोडवायला कोण आलं? इथं आले तर पहिले चार महिने तेच केलं. मग इरावतीताई आल्या आणि म्हणाल्या, आता तुम्ही बसा. मी बसले. बसल्यावर कळलं, मी किती दमलेय."

मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं की. लांब आहे, अंगात त्राण नाही म्हणून सांगितलं. तुम्ही जवळचा रस्ता शोधलात."

ती रडत नव्हती. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण विचारलं एवढंच, "मग मार्चमध्ये येणार ना?" ती म्हणाली, "मला खरंच माहीत नाही हो."

११ नोव्हेंबर

दोन आठवडे काही लिहिलं नाही. ठमाबाई म्हणाली, "भाव, वजान उतरलं तुमचं. वयनीस्नी आना आता नायतर सोता तरी जावा." पूर्वी कुणी असं म्हटलं असतं तर मी पावसाळ्याचं सांगितलं असतं. आता पावसाळाही संपला.

ती येऊ शकत नसेल तर मी जाऊ शकतो. व्हिसा पडूनच आहे. विमानाची भीती वाटते, अजूनही वाटते, जमिनीपासून अकरा किलोमीटर वर. पण ही भीती धरून मी इथं बसलो आणि ती तिथं एकटी गेली, हेही आहेच.

३ डिसेंबर

लतीफला सांगितलं. तो खुर्चीतून उठला, हात हातात घेतला. "साहेब, पैल्यांदाच ना? खिडकी देतो." मी म्हटलं, खिडकी नको, मधली दे. महिनाअखेरची एक जागा त्यानं परवापर्यंत धरून ठेवली आहे. फ्रँकफर्टवरूनच, माझाच शोधलेला रस्ता.

घरी येऊन आरशात बघितलं. उगाच. ट्रंकेतला लोकरी कोट काढून गच्चीवर उन्हात टाकला. माझ्या चाळिशीतला आहे, पोटावर बसत नाही.

४ डिसेंबर

कालिंदीला सांगितलं, मी येतोय. तारीख सांगितली, विमान सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, तुम्ही आणि विमानात?  मला वाटलं फोन तुटला. "ऐकतेस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "अहो, आत्ता नका येऊ."

मी म्हटलं, मी काही मागणार नाही. चहासुद्धा माझा मी करतो आता. भात लावता येतो, पिठलं येतं.

"माहीत आहे. मैथिली सांगते मला." मग ती हळू बोलायला लागली. मला फोन कानाला चिकटवून ऐकावं लागलं. "तुम्ही काही मागणार नाही, हे मला कळतं. पण तुम्ही या घरात झोपलात की मला साडेचारला जाग येईल. कोणी उठवलं नाही तरी येईल. आत्ता कुठं ती यायची थांबलीय. पंधरा दिवस झालेत. सात वाजेपर्यंत झोपते मी. थोडी झोपू द्या मला."

मी म्हटलं, "बरं."

"रागावलात?"

"नाही," म्हटलं. खरंच रागावलो नव्हतो. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. ती म्हणाली, मी सांगेन तुम्हाला कधी यायचं ते, नाहीतर मीच येईन. मी पुन्हा बरं म्हटलं. मार्चचं विचारलं नाही.

५ डिसेंबर

लतीफच्या दुकानात गेलो. जागा सोडून दे म्हटलं. त्यानं कारण विचारलं नाही, पण तोंड उतरलं त्याचं. "एका दिवसाचा तर परवास, साहेब. आज निगालात तर उद्या पोचाल."

"हो, पोचायला काय," मी म्हटलं.

"मग पुडची कुटली तारीख बगू?"

"बघू नकोस. तिच्याकडून कळेल."

त्यानं चहा मागवला. एक म्हातारे गृहस्थ सौदीला मुलाकडे जाण्याचं विचारायला आले, जेद्दाला किती तास लागतात म्हणून. लतीफनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत राहिलो. मग त्यानंच सांगितलं.

घरी आलो. कोट गच्चीवरून काढून घडी घातली. साडेआठला तिच्याकडे सकाळ होते, फोन करायची वेळ. आज केला नाही, उद्या करेन. विमान, तास, थांबा, तारीख, यातलं काही काढायचं नाही असं ठरवलं आहे. एवढं सोडून तिच्याशी काय बोलायचं, ते मात्र अजून सुचलेलं नाही.